मैदानासाठी उचललेला भंडारा

जिल्हा दैनिकाच्या कार्यालयात निवेदन घेऊन येणाऱ्यांमध्ये पालक लगेच ओळखू येतो. तो चपला दाराबाहेर काढतो, समोरची खुर्ची रिकामी असूनही उभा राहतो आणि फोटो नको म्हणतो. पुढारी आधी फोटोग्राफर आहे का ते पाहतो, मग बसतो. पालकाच्या निवेदनाच्या शेवटीही ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य असतं, पण ते वाचताना त्याचा आवाज खाली जातो. ते वाक्य कुणीतरी त्याला घालायला सांगितलेलं असतं.

नोकरीची सुरुवातीची वर्षं साताऱ्यात गेली, उरलेली सांगलीत, विश्रामबागेतल्या कार्यालयात. काम पूर्वेकडच्या तालुक्यांचं. बाहेरच्यांना वाटतं, बातमीदार सतत पळत असतो. प्रत्यक्षात तो बसलेला असतो. नगरपंचायतीच्या सभेत भिंतीकडेच्या बाकावर, तहसीलदारांच्या दाराबाहेर, पंचनामा संपायची वाट बघत झाडाखाली. बसून पाहिलेलं उभ्या उभ्या फोनवरून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं छापून आलेलं वाचायचं, असा हा धंदा. तो बऱ्यापैकी जमला, एवढं म्हणायला हरकत नाही. चुकीचं नाव छापलं म्हणून दिलगिरी व्यक्त करायची वेळ फारशी आली नाही.

मुलाबाळांच्या एखाद्या अडचणीसाठी राजकारणात उतरलेले पालक या नोकरीत बरेच भेटले. बहुतेक पडले. औंधच्या बाजूच्या एका गावात एका निवृत्त सुभेदारांची मुलगी माध्यमिक शाळेला एसटीने जायची आणि एसटी येईल त्याच दिवशी तिची शाळा व्हायची. सुभेदारांनी पॅनेल उभं केलं, घरोघर जाऊन एसटीचं वेळापत्रक समजावून सांगितलं आणि ते सपशेल पडले. निकालानंतर पारावर एकाने त्यांना सांगितलं, “सुभेदार, तुमचं समदं खरं हुतं गड्या.” सुभेदार म्हणाले, “व्हय. आमी नुसतं खरंच घिऊन बसलो.” मुलगी मावशीकडे राहून शिकली.

पडलेल्याची गोष्ट अशी संपते. निवडून आलेल्या एका पालकाची गोष्ट सांगायची आहे. ती तशी संपली नाही.

गाव कवठे महांकाळहून फार लांब नाही. नगरपंचायत होऊन थोडी वर्षं झालेली. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. रेखा साळुंखे या तिथल्या. नवरा लष्करात हवालदार, नेमणूक उत्तरेला बर्फाच्या भागात. घरी सासू आणि तनुजा ही मुलगी. तनुजा शाळेच्या खो-खो संघात होती, आणि तो संघ चांगला होता.

खो-खोला फारसं काही लागत नाही असं म्हणतात. दोन खांब लागतात आणि माती लागते. ती मात्र हवी तशी लागते. पाठलाग करणारी मुलगी खांबाजवळ सूर मारते, तेव्हा ती छातीवर आणि कोपरांवर पडते. खाली मुरूम असेल तर कातडं सोलून निघतं आणि पुढच्या वेळी ती सूर मारत नाही. या भागात मुरूम सोडून दुसरं काही नाही. म्हणून शाळेलगतच्या मोकळ्या मैदानावर पालकांनी एका उन्हाळ्यात आटलेल्या तलावातली गाळाची माती ट्रॉलीने आणून टाकली होती. बायकांनी ती बांधकामाच्या चाळणीने चाळली. महिनाभर मुलींनी पाणी मारून ती बसवली. रेखा साळुंखे चाळणाऱ्यांत होत्या. मैदान झालं, तसा संघ जिल्ह्याला जाऊ लागला आणि दोन मुली खेळाच्या जोरावर पोलिसात भरती झाल्या. तनुजाचंही पुढचं सगळं त्या मातीवर ठरलेलं होतं.

या मैदानाचं क्रीडांगण म्हणून असलेलं आरक्षण उठवून तिथे व्यापारी संकुल बांधायचं, असं नगरपंचायतीत घाटू लागलं. तेव्हा रेखाताई सात-आठ बायका आणि खेळाच्या पोशाखातल्या मुली घेऊन विश्रामबागेत आल्या. चपला बाहेर. बोलल्या त्या एकट्याच.

“सायेब, गाळे पायजेत तर बांधा की. रस्त्याकडंला जागा हाय. पर ही माती आमी चाळल्या.”

बातमी तीन कॉलम लागली, मुलींच्या फोटोसह. गावात ती वाचली गेली आणि काही झालं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी निवेदन स्वीकारलं. निवेदन स्वीकारणं हे स्वतंत्र काम आहे. ते सगळेच नीट करतात.

निवडणूक लागली तेव्हा दाजी रेखाताईंच्या घरी गेले. दाजी हे गावभर दाजी. पूर्वी एका मोठ्या पक्षात होते, उमेदवारी नाकारल्यावर त्यांनी स्वतःची आघाडी काढली होती. आघाडीचं नाव तीन शब्दांचं आणि त्यात ‘शहर’ व ‘विकास’ हे दोन शब्द होते. अशा आघाड्या प्रत्येक गावात असतात. त्यांना ना वरिष्ठ असतात, ना धोरण. त्यामुळे सामान्य माणसाला त्या आपल्या वाटतात. दाजी बोलायला गोड आणि वेळेला हजर राहणारे. कुणाच्या घरी मयत झाली तर मांडवाच्या आधी दाजी पोचायचे.

“वैनी, निवेदनं देऊन मैदान ऱ्हात न्हाई,” ते म्हणाले. “मदी बसून हात वर करायला लागतो. तुमी हुभ्या ऱ्हावा. आघाडीचा पयला मुद्दा मैदान.”

रेखाताईंनी नवऱ्याचा फोन लागेपर्यंत थांबायला सांगितलं. फोन लागला. हवालदार म्हणाले, “ऱ्हा हुभी. हितनं मी काय प्रचार करू?” तनुजा आनंदाने घरभर नाचली. सासू मात्र म्हणाली, “निवडून आल्यावर फुटत्यात गं ही समदी.”

सासूचं म्हणणं रेखाताईंच्या मनात राहिलं. गावाचा अनुभवही तोच होता. प्रत्येक निवडणुकीनंतर छोट्या आघाडीतला एखादा फुटायचा, रातोरात दुसऱ्या गटात दिसायचा. म्हणून त्यांनी अट घातली. आघाडीच्या सगळ्या उमेदवारांनी अर्ज भरण्याआधी गावदेवीपुढे भंडारा उचलायचा. देवीपुढची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द या भागात अजून शब्द मानला जातो. इतर कागदांवर सह्या होतात, वकील होतात, तडजोडी होतात. भंडाऱ्याचं तसं नसतं.

दाजी मोकळेपणाने हसले. “वैनी, तुमी तर आमच्यापेक्षा पक्क्या निगाला.”

देवळातला तो प्रसंग बातमीसाठी पाहता आला. गुरवाने ताट पुढे केलं. एकेकाने चिमूटभर भंडारा उचलून मुठीत धरला. गुरव वाक्य सांगत होता, उमेदवार म्हणत होते: निवडून आलो तर आघाडी सोडणार नाही, आघाडी ठरवेल त्याबाहेर जाणार नाही. सगळ्यांनी म्हटलं, दाजींनीही. भंडारा कपाळाला लागला. फोटो चांगला आला. मैदानाचा उल्लेख त्या वाक्यात नव्हता, हे तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही. भीती होती ती एकेकटा माणूस फुटण्याची. आघाडीच्या आघाडी दुसरीकडे जाईल, हे त्या देवळात उभ्या असलेल्यांपैकी फार तर एकाच्या डोक्यात असेल.

चिन्ह मिळालं शिट्टी. खो-खोच्या पंचाची असते तशीच. मुलींना ते फार आवडलं. प्रभागात सकाळ-संध्याकाळ शिट्ट्या वाजू लागल्या. म्हातारी माणसं वैतागली. एक आजोबा दारात येऊन ओरडले, “आगं पोरींनो, मत दितो, पर ते फुंकायचं बंद करा!” रेखाताईंनी भाषण असं केलंच नाही. दारात उभं राहून त्या एवढंच म्हणायच्या, “मैदानासाठी हुभी हाय.” त्या निवडून आल्या. जेसीबीच्या लोखंडी हातातून गुलाल उधळला गेला. तनुजा आईच्या खांद्यावर डोकं टेकून गुलालात रडत होती. तो फोटो आम्ही पहिल्या पानावर घेतला. तेवढ्या एका दिवसापुरतं सगळं बरोबर होतं.

निकाल असा लागला की दोन्ही मोठ्या गटांपैकी एकालाही बहुमत नाही, आणि मध्ये दाजींच्या आघाडीचे तिघे. दाजी, रेखाताई आणि एक किराणा दुकानदार. पुढचं नेहमीचं. तिघांचा गट जिल्हाधिकारी कार्यालयात नोंदवला गेला, गटनेते दाजी. मग सहल. या सहलीला सदस्यांना देवदर्शनाला नेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहाच्या दारात उतरवतात. रेखाताई घरकामामुळे जायला तयार नव्हत्या. दाजी म्हणाले, “आघाडीनं ठरवलंय, वैनी.” त्या गेल्या. परत आल्या तेव्हा आघाडी ज्या गटाच्या बाजूने हात वर करणार होती, तो संकुल मांडणारा गट होता. दाजी उपनगराध्यक्ष झाले.

त्यांना विचारलं तेव्हा त्यांचा खुलासा तयार होता. “सत्तेत बसल्याबिगर मैदान वाचवायचं कसं? तुमी पत्रकार मंडळी लगीच शंका घेताय.”

पावसाळा संपताना आरक्षण बदलाचा विषय सभेपुढे आला. सत्ताधाऱ्यांकडे आघाडी धरून एका मताचंच बहुमत होतं. रेखाताईंचा हात विरोधकांच्या बाजूने वर गेला असता तर ठराव पडला असता. त्या गैरहजर राहिल्या असत्या तर मतं समान झाली असती आणि अध्यक्षांचं निर्णायक मत ठरावाच्या बाजूने पडलं असतं. म्हणजे मैदान राहायचं तर त्यांनी हजर राहून विरोध करणं हा एकच मार्ग होता. गटाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व रद्द होऊ शकतं, हे दाजींनी त्यांच्या कानावर घातलं होतं.

सभेच्या आदल्या आठवड्यात त्या विश्रामबागेत आल्या, एकट्याच. या वेळी खुर्चीत बसल्या.

“खुर्ची गेली तर जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मला कुठं मिरवायचं हाय? पर सायेब, मी भंडारा उचललाय.”

भंडारा मैदानासाठीच उचलला होता ना, असं त्यांना विचारलं.

“मैदान कुणी म्हणलं तिथं? आघाडी ठरवंल त्याच्या भाईर जाणार न्हाई, आसं म्हणलो आमी. मीच म्हणाय लावलं समद्यांना.”

“दाजींनी शब्द मोडलाच की.”

“त्येंनी कुठं आघाडी सोडली? आघाडीच घिऊन गेले.”

बाहेर कॉलेज सुटलं होतं. मुलांच्या गाड्यांचा आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या.

“गुरवाला इचारून आले. म्हणला, ज्येंनी संगट उचलला त्येंनी समद्यांनी येऊन देवीपुढं परत ठिवला तर शब्द सुटतो. एकट्याला सुटत न्हाई. दाजींच्या पाया पडले, सायेब. म्हणले, चला देवळात, परत ठिवूया. तर म्हणतात, वैनी, मी तर शपथ पाळायलोय. मोडायचं तुमी म्हणताय.”

हे छापू का, असं विचारलं. त्यांनी घाईने हात हलवला.

“नगं, नगं. आमच्या ह्येंच्या कानावर जाईल. हितलं काय त्येंच्या डोक्यात जायला नगं. तिथं बर्फात पाऊल टाकायचं म्हंजे ध्यान एका जागी लागतं.” मग हळू म्हणाल्या, “आन मी मोडला आन उद्या तिथं काय झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू? सासूच्या का पोरीच्या?”

देवाधर्माचं असं काही नसतं, हे वाक्य बोलणाऱ्याचा नवरा सीमेवर नसतो. त्या चहा न घेता गेल्या. ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. त्यांनी सदस्यत्वाचं कलम समजावून सांगितलं. त्याची गरज नव्हती.

सभा दुपारी होती. मुलींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या शाळेतून खेळाच्या पोशाखातच आल्या आणि सभागृहाच्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या. खिडकीखालच्या बाकावर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“तुझी आई कुठं बसल्या?”

“ती बग. हिरव्या साडीत,” तनुजा म्हणाली. “आता बग तू. आई उठून बोलंल.”

लिपिकाने ठराव वाचला. अध्यक्षांनी बोलायचं आहे का विचारलं. विरोधी बाजूचे एक जण बोलले. ते दाजींच्या जुन्या पक्षाबद्दलच बोलले, मैदान शेवटी आलं. मग अध्यक्ष म्हणाले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. दाजींचा हात आधी गेला. त्यांनी शेजारी पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती. किराणा दुकानदाराचा गेला. रेखाताईंचा उजवा हात आधी पदराकडे गेला, तिथे थांबला आणि मग कानाच्या पातळीपर्यंत वर आला. त्याच्या वर गेला नाही. मोजणाऱ्या लिपिकाला तेवढा पुरला.

खिडकीतली एक मुलगी म्हणाली, “आगं, तुझ्या आईनं चुकून केला का?”

तनुजा खिडकीतून बाजूला झाली.

बातमी सहा ओळींची झाली. क्रीडांगणाचं आरक्षण बदलण्याचा ठराव बहुमताने मंजूर, विरोधकांचा सभात्याग. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जे पाहिलं त्याला सहा ओळींत जागा नव्हती आणि जे त्यांनी सांगितलं होतं ते छापायचं नाही असं ठरलं होतं. गावाने स्वतःचा अर्थ लावला. “किती घेतलं आसंल?” हा प्रश्न चहाच्या टपरीवर, त्या समोरून जाताना, त्यांना ऐकू जाईल असा विचारला जाऊ लागला. ज्या बायकांनी त्यांच्यासोबत माती चाळली होती, त्यांनी हळदी-कुंकवाला बोलावणं बंद केलं. भंडाऱ्याची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर दाजींवर बोट गेलं असतं आणि तेही आघाडीबाहेर जाणंच झालं असतं, असा त्यांचा हिशेब होता. दाजींना हा हिशेब माहीत होता. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही.

पाया खणताना ती गाळाची माती आधी निघाली. ठेकेदाराने ती बाजूला ढीग करून ठेवली. चांगली माती म्हणून लोकांनी परसबागेला, कुंड्यांना नेली. नगरपंचायतीने खेळासाठी गावाबाहेर माळावर पर्यायी जागा दिली. जागा मोठी आहे, सगळी मुरुमाची. उद्घाटनाला मुलींनी तिथे एक सामना खेळून दाखवला. कुणी सूर मारला नाही. पुढच्या वर्षी संघ तालुक्यातच हरला आणि त्यानंतर शाळेने संघ पाठवला नाही.

मुदत संपली तेव्हा दाजींनी रेखाताईंना पुन्हा उमेदवारी देऊ केली होती. त्यांनी नाही म्हटलं. दाजी मोठ्या पक्षात परत गेले. आघाडी उरली नाही. शब्द कुणाला दिला होता ते विचारायलाही आता जागा नाही.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी एका लग्नासाठी त्या गावात जाणं झालं. संकुल उभं आहे. दर्शनी गाळे चालतात, आतले बरेच बंद. पायऱ्यांशी सुरक्षारक्षकाच्या निळ्या गणवेशात एक ताठ माणूस उभा होता. उलटी लावलेली मोटारसायकल पाहून त्याने गळ्यातली शिट्टी वाजवली. ओळख त्यानेच दिली. ते हवालदार साळुंखे होते, पेन्शनवर परत आलेले. आपल्या गावात, घराजवळ नोकरी मिळाली म्हणून ती घेतली होती.

“रेखानं समदं सांगितलं मला, मी आल्यावर,” ते म्हणाले. “मी म्हणलं, आगं बाई, तिथं हवामान बगून चालायचं आसतं. भंडाऱ्याचा काय संबंध? तर म्हणली, तुमी आलासा न्हवं परत? झालं तर मग.” त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “आता ह्येच्यावर काय बोलणार? आलोय खरा.”

रेखाताई बऱ्या आहेत का, असं विचारलं. घरातच असते, म्हणाले. भाईर फारशी पडत न्हाई. पेपरातलं सायेब भेटलं तर सांगा, आता काय ल्ह्यायचं ते ल्ह्या म्हणावं, आसं म्हणती. कोण वाचतंय?

तेवढ्यात एक तरुणी डबा घेऊन आली. उंच, केस आखूड, चालणं अजून खेळाडूचं. तिने डबा पायरीवर ठेवला. वडील म्हणाले, “तनू, ह्ये पेपरातलं सायेब. तुज्या मॅचच्या बातम्या ह्येच द्यायचे.”

तिने नमस्कार केला. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, “खेळतेस का अजून?”

तिने वडिलांकडे पाहिलं नाही. आतल्या बंद शटरांकडेही पाहिलं नाही. जेवढं विचारलं होतं तेवढंच उत्तर द्यावं तसं ती शांतपणे म्हणाली,

“कुठं, काका?”